हकलबेरी फिन घेताय? आधी एकतिसावं प्रकरण उघडा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात किंवा मोबाइलवरच्या कुठल्याही खरेदीच्या ॲपवर मार्क ट्वेनचं ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’ मागितलं की एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू पुढ्यात येतात. स्वस्तातलं पण पूर्ण पुस्तक, शाळकरी मुलांसाठी कापून बारीक केलेलं, मागणी आली की छापून देतात तसलं, आणि जाडजूड टिपांसकटचं. ट्वेन १९१० साली गेला. त्याच्या लिखाणावर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही, त्यामुळे ज्याच्याकडे छापखाना आहे तो हे पुस्तक काढू शकतो आणि काढतोही. मुखपृष्ठावर मात्र सगळीकडे तेच: नदी, तराफा, गवती टोपीवालं पोरगं. ते पोरगं म्हणजे हकलबेरी, ऊर्फ हक. कथा तोच सांगतो: जिम नावाच्या पळालेल्या गुलामाबरोबर मिसिसिपी नदीवर केलेल्या प्रवासाची.

फरक आतल्या मजकुरात आहे आणि तो साधासुधा नाही. मैत्री, पाप-पुण्य आणि वयात येणं या तीन गोष्टींसाठी हे पुस्तक वाचायचं असेल, तर त्या तिन्ही ज्या पानांवर आहेत नेमकी तीच पानं कापलेल्या आवृत्त्यांत गायब असतात. उरते ती नदीवरची धमाल. धमालच हवी असेल तर ट्वेनचंच १८७६ सालचं ‘टॉम सॉयर’ घ्यावं, ते जास्त चांगलं जमलंय.

दुकानात पुस्तक हातात आलं की पाठीवरचा मजकूर वाचण्यात वेळ घालवू नका, पानं मोजा. मूळ पुस्तक साधारण १,१०,००० शब्दांचं आहे. नेहमीच्या पेपरबॅकच्या पानावर साडेतीनशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे हिशेब ३०० पानांच्या पुढेमागे जायला हवा. २२० पानं असतील तर अक्षर मुंगीएवढं निघणार, चाळिशीच्या चष्म्यावाल्यांनी लांबच राहावं. १२० किंवा १५० पानं असतील तर पुस्तक कापलेलं आहे, मग वर ‘कम्प्लीट’ छापलेलं असो नाहीतर सोनेरी शिक्का असो.

मग अनुक्रमणिका. प्रकरणं ४३ आहेत. पण शेवटच्या प्रकरणाला ट्वेनने आकडा न घालता ‘चॅप्टर द लास्ट’ एवढंच म्हटलंय. म्हणून बेचाळीसपर्यंत आकडे आणि पुढे एक बिनआकड्याचं प्रकरण दिसलं तर पान फाटलंय असं समजून पुस्तक परत ठेवू नका. ३० किंवा २५ प्रकरणं असतील तर खुशाल ठेवा.

पहिल्या प्रकरणाच्या आधी दोन छोटे मजकूर असतात, तेही बघा. पहिली एक सरकारी थाटाची जाहीर सूचना आहे: या कथेत हेतू शोधणाऱ्यावर खटला भरला जाईल, नीतिबोध शोधणाऱ्याला हद्दपार केलं जाईल आणि कथानक शोधणाऱ्याला गोळी घातली जाईल. दुसरं स्पष्टीकरण बोलीभाषांबद्दल आहे. पुस्तकात मिसुरीतल्या काळ्या लोकांची बोली, नैर्ऋत्येकडच्या आडरानातली बोली, पाइक काउंटीची बोली आणि तिचे आणखी चार पोटप्रकार, अशा सात बोली वापरल्यात, आणि हे फरक अंदाजपंचे केलेले नाहीत, असं ट्वेन सांगतो. हे दोन्ही मजकूर गाळणाऱ्या प्रकाशकाने पुढेही हात आखडला नसेल याची खात्री धरू नये.

मागणीनुसार छापलेल्या प्रतींची तऱ्हा निराळी. मजकूर पूर्ण असतो, कारण तो बहुतेकदा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचललेला असतो. पण तिकडच्या साध्या मजकूर-फायलीत तिरका ठसा दाखवायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना खालची रेघ घालतात, ती रेघ छापील पानावर तशीच उतरते. चित्राच्या जागी चौकटी कंसात ‘इलस्ट्रेशन’ एवढा शब्द उरतो आणि चित्र नसतं. ओळी मध्येच तुटतात, नवं प्रकरण पानाच्या तळाशी सुरू होतं. हे सगळं फुकट मिळत असताना त्यासाठी पैसे मोजणं म्हणजे गोदावरीचं पाणी बाटलीत भरून नांदेडकरांना विकत देण्यासारखं. गुटेनबर्गवर हे पुस्तक ७६ क्रमांकाला आहे. ईपब म्हणजे ई-पुस्तकाची फाइल उतरवून घेतली की मोबाइलवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि शब्द शोधताही येतो. अभ्यासासाठी छापील प्रत घेतली तरी ही फाइल जवळ असावीच.

चित्रांबद्दल थोडं. १८८५च्या पहिल्या अमेरिकन आवृत्तीत ई. डब्ल्यू. केंबलची १७४ चित्रं होती. (ब्रिटन आणि कॅनडात पुस्तक त्याआधीच, डिसेंबर १८८४मध्ये आलं होतं.) केंबलचा हक गोंडस आणि गमत्या आहे, जिमचं चित्र तर आज बघवत नाही. चित्रं नसली तर फार बिघडत नाही. ती होती म्हणून ज्यादा पैसे द्यायचे का, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मार्क ट्वेन प्रकल्पाची आवृत्ती असेल तरच द्यावेत. ट्वेनच्या हस्तलिखिताचा हरवलेला अर्धा भाग १९९० साली लॉस एंजेलिसमधल्या एका माळ्यावर सापडला. तो ताडून पाहून या आवृत्तीचा मजकूर नक्की केलाय. एम.ए.ला अमेरिकन साहित्य असेल तर ही किंवा नॉर्टन प्रकाशनाची टीकात्मक आवृत्ती ग्रंथालयाला मागवायला लावावी. एकट्याने विकत घ्यायला दोन्ही महागच पडतात.

अशा आवृत्त्यांत सोळाव्या प्रकरणात एक लांबलचक भाग जास्तीचा सापडू शकतो. मोठ्या तराफ्यावरचे खलाशी, त्यांच्या बढाया आणि पाठलाग करणाऱ्या पिंपाची भुताटकी. ती चूक नाही. हा तुकडा ट्वेनने आधी १८८३ साली ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’मध्ये छापून टाकला होता आणि मग मूळ जागेवरून काढला. काही संपादक तो परत बसवतात, काही नाही. स्वस्त पुस्तकात तो नसला तर पैसे परत मागण्यासारखं काही नाही.

आता भाषेचा प्रश्न. पुस्तक अर्धवट सोडणारे बहुतेक याच दगडावर ठेचकाळतात. बी.ए.च्या वर्गात शिकलेलं इंग्रजी इथे उपयोगाचं नाही, कारण हक व्याकरण मानतच नाही. ‘वॉर्न्ट’ म्हणजे ‘नव्हतं’. ‘अ बॉडी’ म्हणजे कुणीही माणूस. ‘लाइट आउट’ म्हणजे पळ काढणं, त्याचा दिव्याशी संबंध नाही. ‘हुक’ केलं म्हणजे ढापलं. बुडत्या आगबोटीच्या प्रसंगात ‘टेक्सस’ हा शब्द वारंवार येतो आणि वाचणारा नकाशा काढून बसतो. ते राज्य नव्हे, आगबोटीवरच्या अधिकाऱ्यांची वरच्या मजल्यावरची खोली. ‘टोहेड’ म्हणजे नदीतलं वाळूचं बेट, ज्यावर झाडं दाताळ्याच्या दातांसारखी दाट उगवलीत. ही दाताळ्याची उपमा हकचीच आहे, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या वाचकाला ती लंडनच्या वाचकापेक्षा लवकर कळेल.

जिमची बोली आणखी अवघड. तो ‘द’ला ‘ड’ म्हणतो, ‘गोइंग’चं ‘ग्वाइन’ करतो. हे डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. आपल्याकडे ‘काय करतोस’चं ‘काय करायलास’ होतं, ते कागदावर पाहून पुणेकर अडखळतो पण कानावर पडलं की लगेच समजतो, तसंच हे. अडलं तर लिब्रिव्हॉक्सवर पूर्ण पुस्तकाचं ध्वनिमुद्रण फुकट आहे, पहिली आठ प्रकरणं पुस्तक समोर ठेवून ऐकली की कान बसतो. मशीनच्या भाषांतरावर मात्र अजिबात विसंबू नका. जिम हकला सारखा ‘हनी’ आणि ‘चाइल’ म्हणतो. मशीन त्याचं ‘मध’ करतं, नाहीतर ‘प्रिये’. मराठवाड्यात त्याला एकच शब्द आहे: लेकरा.

आणि तो शब्द चुकला की नातंच चुकतं. हक तेरा-चौदा वर्षांचा, बाप दारुडा, घर नाही. जिमच्या घरी बायको आणि लेकरं आहेत, पण मालकीण मिस वॉटसन आपल्याला ८०० डॉलरला खाली न्यू ऑर्लिन्सला विकणार हे कळल्यावर तो पळून आलाय. दोघं ज्या तराफ्यावर राहतात त्याची मापंही हक देतो: १२ फूट रुंद, १५-१६ फूट लांब, पाण्याच्या वर जेमतेम सहा-सात इंच. वर झोपडी, झोपडीत शेकोटीसाठी पाच-सहा इंच मातीचा थर. जायकवाडीच्या फुगवट्यावर थर्माकोलचे तराफे पाहिलेल्यांना ही जागा केवढी ते सांगायला नको. एवढ्या जागेत दोन माणसं रात्रीमागून रात्री आळीपाळीने जागी राहतात. मैत्रीवर पुस्तकात भाषण कुठेच नाही. जिम आपली पाळी संपल्यावरही हकला उठवत नाही, त्याच्या वाटचा पहारा करत बसतो, आणि हे हक सहज जाता जाता सांगून मोकळा होतो.

पंधरावं प्रकरण वाचूनच प्रत ठरवता येते. धुक्यात दोघांची ताटातूट होते, जिम हाका मारून मारून थकतो, हक मेला असं धरून खचून झोपतो. हक परत येतो आणि सोंग करतो: मी इथेच होतो, तुला स्वप्न पडलं. जिम बिचारा त्या स्वप्नाचा अर्थ लावायला बसतो. मग हक तराफ्यावर साचलेला पालापाचोळा आणि मोडकं वल्हं दाखवून विचारतो, याचा काय अर्थ? जिम आधी त्या कचऱ्याकडे बघतो, मग हककडे, मग परत कचऱ्याकडे. आणि सांगतो की कचरा म्हणजे मित्राच्या डोक्यावर घाण टाकून त्याला लाजवणारी माणसं. उठून झोपडीत निघून जातो. गुलामाची माफी मागायला मनाची तयारी करण्यात हकला पंधरा मिनिटं लागतात. मग तो मागतो.

मुलांच्या आवृत्त्यांत सहसा धुकं राहतं, चेष्टाही राहते. कचऱ्याचं वाक्य आणि ती पंधरा मिनिटं जातात. मग चेष्टा ही नुसती चेष्टाच उरते.

सोळाव्यातली कापाकापी आणखी वाईट. जिम आता बायको-पोरं सोडवायच्या गोष्टी बोलू लागतो, आणि हकचं मन त्याला खायला उठतं. मिस वॉटसनने तुझं काय वाकडं केलं होतं की तू तिची मालमत्ता पळवायला मदत करतोस? तो होडी काढतो जिमला पकडून द्यायला, आणि मागून जिम ओरडून सांगतो की तूच माझा आता एकुलता एक मित्र. पुढे बंदूकवाले दोघे भेटतात, विचारतात, तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा? हक म्हणतो, गोरा. पण खरी करामत पुढे आहे. हे लोक तराफा बघायला निघाल्यावर हक त्यांना अडवत नाही, उलट काकुळतीने या म्हणतो. माझे वडील आहेत तिथे, ओढायला मदत करा, मी विचारतो पण कुणीच येत नाही... असं बोलून अडखळतो. देवीच्या साथीचं नाव तो काढतच नाही, ते स्वतः ओळखतात आणि होडी मागे घेतात. फळीवर दोन सोन्याची नाणी ठेवून ती त्याच्याकडे सोडून देतात, वीस-वीस डॉलरची. संक्षिप्त पुस्तकात हक सरळ सांगून टाकतो की बापाला देवी आल्यात. तिथे पोराची सगळी हुशारी गेली.

तेविसाव्या प्रकरणात एक पानभर मजकूर आहे, जो कथेला पुढे ढकलत नाही म्हणून पहिला कात्रीखाली जातो. पहाटे जिम गुडघ्यात डोकं घालून रडतोय. त्याची चार वर्षांची मुलगी तापातून उठली होती. त्याने दार लाव म्हटलं, ती हसत उभी राहिली, त्याने पुन्हा सांगितलं, मग थोबाडीत दिली. थोड्या वेळाने वाऱ्याने तिच्या मागे दार धाडकन आपटलं आणि पोर हललीसुद्धा नाही. तापात तिचे कान गेले होते. हकने यावर एक शब्दही टीका जोडलेली नाही. हे पान तुमच्या प्रतीत नसेल, तर जिम तुमच्यासाठी फक्त भुताला भिणारा भोळा गडी राहतो.

आणि मग एकतिसावं. दुकानात एकच प्रकरण उघडायला वेळ असेल तर हेच. जिम विकला गेलाय. हक चिठ्ठी लिहितो, मिस वॉटसनला, तुमचा पळालेला गुलाम इथे आहे, बक्षीस पाठवा. लिहून त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाप धुतल्यासारखं वाटतं. मग तराफ्यावरचे दिवस आठवतात, पहारे, धुकं, ती हाक. चिठ्ठी हातात घेऊन तो क्षणभर श्वास रोखतो आणि ठरवतो की बरं तर, जाईन नरकात. आणि फाडतो.

इथे एक वाक्य शोधा: ‘हकला कळलं की गुलामगिरी वाईट आहे’ किंवा तशाच अर्थाचं काही. सापडलं तर पुस्तक मिटवून ठेवा, कारण ते ट्वेनचं नाही. हकला ते कधीच कळत नाही. रविवारच्या शाळेत गेलो असतो तर असल्या कामाला कायमची आग आहे हे तिथेच शिकलो असतो, अशी त्याची समजूत आहे, आणि ती शेवटपर्यंत तशीच राहते. पैठणला तापलेल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं पोर नाथांनी उचलून कडेवर घेतलं, ती कथा इथे सगळ्यांना पाठ आहे. गावाचा विरोध असला तरी देव आपल्या बाजूला आहे हे नाथांना ठाऊक होतं. या पोराला उलटं ठाऊक आहे. त्याच्या हिशेबात गावही विरुद्ध, देवही विरुद्ध, आणि तरी चिठ्ठी फाटते. गाइडमध्ये याला ‘हकचा नैतिक विकास’ म्हणून चार मुद्द्यांत बसवतात. परीक्षेला ते लिहा हवं तर.

अपमानकारक शब्दाचाही प्रश्न आहे. काळ्या माणसांसाठीचा तो शब्द पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा येतो. २०११ साली अमेरिकेत एका संपादकाने तो सगळीकडे बदलून ‘स्लेव्ह’ घातलेली आवृत्ती काढली. हेतू समजण्यासारखा आहे. जातिवाचक शिवी वर्गात मोठ्याने वाचणं किती जड जातं हे मराठवाड्यातल्या शिक्षकाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण बदल जमत नाही, कारण शिवी गुलामीला चिकटलेली नव्हतीच. सहाव्या प्रकरणात हकचा बाप ओहायोहून आलेल्या एका काळ्या प्राध्यापकावर तोंड सोडतो. तो माणूस स्वतंत्र आहे, शिकलेला आहे, आपल्या राज्यात मत देतो, आणि शिवी तीच. तिथे ‘गुलाम’ कसं बसणार? वर्गात वाचताना शब्द न उच्चारता पुढे जावं, छापील पानावर मात्र तो राहू द्यावा, हे बरं.

शेजारच्या फळीवर हार्पर लीचं १९६०चं ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ असतं आणि दोन्ही एकत्र घ्यायचा मोह होतो. घ्या, पण फुटपाथवरून नको. ली २०१६ साली गेली, हक्क शाबूत आहेत, त्यामुळे निम्म्या किमतीत मिळणारी प्रत चोरून छापलेली असते. काळपट कागद, हलका ठसा, आणि मधली पानं गायब किंवा दोनदा. पहिल्या भागात ११ आणि दुसऱ्यात २० प्रकरणं मोजून घ्यावीत. वाचायला ते सोपं आहे, कारण त्यातल्या स्काउट या मुलीला ॲटिकससारखा बाप आहे, तो बरं-वाईट समजावून सांगतो. हकलाही बाप आहे, पण त्याच्यापासून वाचायला पोराला डुकराचं रक्त सांडून स्वतःच्या खुनाचा देखावा करावा लागतो. अमेरिकेतलं मुलींचं वाढणं वाचायचं असेल तर ‘लिटल विमेन’चं शांता शेळक्यांनी केलेलं ‘चौघीजणी’ आहेच, त्यासाठी इंग्रजीशी झटायची गरज नाही.

हकच्या शेवटच्या दहा-बारा प्रकरणांवर मात्र नाराजीच आहे. हकचा दोस्त टॉम सॉयर परत येतो, आणि पलंगाचा पाय उचलला की साखळी निघेल अशा कोठडीतून जिमला सोडवायला उंदीर, साप, कोळी, पाई नावाच्या खाद्यात भाजलेली दोराची शिडी असले खेळ करतो. जिम स्वतंत्र झालाय हे टॉमला आधीपासून ठाऊक असतं. कादंबरीकार हेमिंग्वेने १९३५ साली लिहून ठेवलं की जिमला पळवतात तिथेच वाचणं थांबवा, पुढची फसवणूक आहे. कंटाळा आला तर पस्तीस ते एकोणचाळीस भराभर उलटा, पण चाळिसावं सोडू नका. टॉमच्या पायाला गोळी लागते आणि पळायची संधी हातात असताना जिम म्हणतो, डॉक्टर आल्याशिवाय मी पाऊल हलवणार नाही. त्यावर हकचा शेरा असा की हा आतून गोराच आहे. हे वाक्य तो कौतुकाने म्हणतो, इतकं सगळं होऊनही.

पुस्तक पूर्ण आहे का, याची आणखी एक खूण ४० या आकड्यात आहे. सोळाव्या प्रकरणात जिमला न पाहता परत जाणारे दोघे हकला ४० डॉलर देतात. एकतिसाव्यात राजा म्हणवणारा भामटा जिमला ४० डॉलरला विकून ते जुगारात आणि दारूत घालवतो. आणि अगदी शेवटी कैदी म्हणून निमूट वागल्याबद्दल टॉम जिमच्या हातावर ४० डॉलर ठेवतो. तिन्ही चाळीस तुमच्या प्रतीत आहेत का ते बघा. शेवटच्या चाळिसांवर जिम खूश होतो. छातीवर केस असलेला माणूस श्रीमंत होतो असं त्याने बेटावर, आठव्या प्रकरणात, हकला सांगितलेलं असतं, आणि बघ, खरं निघालं, असं तो म्हणतो.